अस्ताई तुझ्याकडे, अंतरा माझ्याकडे

हिंगणघाट
६ नोव्हेंबर

प्रिय रीता,

माझा जयभीम. तुझा नमस्कार आला असं मी धरून चालते. खरोखरचा येईल म्हणून वाट पाहत बसले तर हे पत्र सुरूच व्हायचं नाही.

इकडे सगळे बरे आहेत. प्रेमदास एस.टी.तून रिटायर झाल्यापासून घरभर माझ्या पायात पायात येतात. मोनाली नागपूरला नोकरीत रुळली. कापूस निघाला, जिनिंग सुरू झाली आणि आपल्या गल्लीत पुन्हा ती घरघर सुरू झाली. अण्णाजी हंगामात मुद्दाम खिडकी उघडी ठेवून आपल्याला तानपुरा लावायला बसवायचे, आठवतं? "मशीनच्या आवाजात ज्याले आपला सा सापडला, त्याले कोन्त्याबी सभेत सापडते." वर्ध्यात तुझ्या घराशेजारी जिनिंग नाही. तुझा सा कसा चालला आहे, तुझं तुलाच माहीत.

लिहिण्याचं कारण सांगते. वासुदेवरावांनी तुझ्या श्रवणसभेचा छापील कागद आणून दिला. आपले कापसाचे ग्रेडर वासुदेवराव गं. आता वर्ध्याला मुलाकडे राहतात, पण दाढीला अजून हिंगणघाटच लागतं त्यांना. कागदात लिहिलं आहे की रसिकांनी थोर गायन-वादन सुचवावं, निवडक ध्वनिमुद्रणं दर महिन्याला सभेत ऐकवली जातील. मी रसिक आहे की नाही ते तुझी समिती ठरवेल. सुचवायला काय जातं?

सगळ्यात आधी हिरेकरबुवांचा मारवा लावा. रेडिओवरचा जुना आहे, आता यूट्यूबवर कुणीतरी टाकला आहे, खाली कुणाच्या तरी बंगल्याचा फोटो लावून. बुवा षड्जावर लवकर येतच नाहीत. रिषभावर थांबतात, धैवतावर थांबतात, दाराशी येऊन परत फिरतात. ऐकणाऱ्याचा जीव घुटमळतो, वाटतं बाबा एकदाचा ये घरी. अण्णाजी म्हणायचे, बुवांचं हे टाळणं ज्याला असह्य होतं त्यालाच मारवा कळला. तू पहिल्यांदा ऐकलास तेव्हा रडली होतीस आणि तुझ्या आईला वाटलं मीच काही बोलले.

दुसरं, हाफिजखाँ अचलपूरवाल्यांची सारंगी. त्यात गंमत अशी की खाँसाहेब आणि त्यांचा तबलजी त्या वर्षी एकमेकांशी बोलत नव्हते. अण्णाजी त्या मैफलीला हजर होते. चहासुद्धा दोन वेगळ्या खोल्यांत प्यायले म्हणे. पण वाजवताना समेवर दोघं असे एकत्र येतात की ऐकणाऱ्याने मान हलवायला विसरावं. भांडण होतंच. समेवर मात्र आले.

आणि तुळसाबाई कारंजेकरांची तोडी. ही तर लावाच. बाई तेव्हा थकल्या होत्या. शेवटी शेवटी तारषड्जावर जाताना त्यांचा आवाज फाटतो, अगदी उघडा पडतो. आणि तेवढ्यात मागून एका पोरीचा आवाज येतो. तानपुऱ्यावर बसलेली शिष्या. ती तो सूर खाली पडू देत नाही, अलगद धरते, आणि बाई पुन्हा त्यावर येऊन उभ्या राहतात. त्या पोरीचं नाव कॅसेटवर कुठेच नाही. माझ्या मते त्या तोडीतलं सगळ्यात मोठं गाणं ते आहे. पूर्ण ऐकवा, शेवटपर्यंत.

एवढं बस. समिती थकेल.

जाता जाता एक. अण्णाजींची श्री रागातली बंदिश अजून आहे तशीच आहे. अस्ताई तुझ्याकडे, अंतरा माझ्याकडे. त्यांनी काय सांगून ठेवलं होतं ते तुला पाठ असेल: "लिवून ठेवजो नोको, टेपात भरजो नोको, अन् मांगल्याबिगर देजो नोको." मी काही देत नाही आहे. फक्त माझ्याकडे आहे, एवढं कळवलं. आठवण म्हणून.

उत्तर शक्यतो हा महिना संपायच्या आत दे. नंतर मी जरा कामात असेन.

तुझी,
छाया


हिंगणघाट
१९ नोव्हेंबर

रीता,

"तुमच्या शिफारशी मिळाल्या. समिती आपली आभारी आहे. आपली विश्वासू."

तुमच्या? आपली? माय व! मले? जिच्यासंगं एका पेल्यातून पाणी पेली तिले "तुमच्या"?

थांब. मी दुसरीच्या पोरांना शुद्धलेखन शिकवलं आहे आयुष्यभर, पत्र नीट लिहिता येतं मला. नीट लिहिते.

तुझं उत्तर मिळालं. छापील मजकूर, खाली सही. सहीच्या शेपटीवरून ओळखलं की तूच केलीस, घाईत. आणि परवा वासुदेवराव दाढीला आले ते सभेची हकीकत घेऊन. तुळसाबाई लावल्यात म्हणे. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मी चहा ठेवला. मग म्हणतात, "फार छान झालं. शेवटी आवाज जरा खराब होता तेवढा प्रफुलनं कॉम्प्युटरवर हळूहळू बारीक करून काढून टाकला. बाईंचा मान राहिला पाहिजे ना!"

चहा उतू गेला, रीता.

कोण हा प्रफुल? त्याला गाण्यातलं काही कळतं का नुसत्या कॉम्प्युटरमधलं? आणि तो पोरगा आहे, त्याला माफ. तू तिथे बसली होतीस. तुला ठाऊक होतं पुढे काय येतं. माझ्या पत्रात लिहिलं होतं, पूर्ण ऐकवा. फाटलेला सूर कापला तर त्याच्या मागून येणारी पोरगीही कापली गेली. ती बिचारी आधीच बिननावाची. आता बिनआवाजाची झाली. अन् बाईंचा मान कायचा व राह्यला? बाई पडून राह्यल्या अन् तुम्ही दिवा मालवला, दिसू नये म्हणून.

तू काही बोलली नाहीस. वासुदेवरावांना मी दोनदा विचारलं. म्हणाले, नाही, रीताबाई समोर पाहत बसल्या होत्या.

समोर पाहत बसायची तुले सवयच आहे.

आता निघालंच आहे तर निघू दे. अण्णाजींचा पहिला स्मृतिदिन, वर्ध्याचं ते सभागृह. आपण दोघी बरोबरीनं गाणार होतो. मी तू, तू मी, मधे एक हार्मोनियम. आणि शेवटी ती श्रीची बंदिश, पहिल्यांदाच जोडून. अण्णाजी असताना जोडली नाही, कारण त्यांनीच अडवलं होतं: "माह्यासमोर जोडान तं माह्या धाकानं जोडान. मी गेल्यावर जोडजा." आणि अर्धी अर्धी दिली काऊन, तेही तोंडावर सांगितलं होतं: "दोघीले पुरी देली तं दोघी आपापल्या घरी गात बसान. अर्धी देली तं एका सतरंजीवर यावंच लागन." तुझ्या घरच्यांना माझं येणं-जाणं खपत नव्हतं, ते म्हाताऱ्याला चांगलं ठाऊक होतं.

मी पांढरी साडी इस्त्री करून आले होते. तुमच्यातल्या कुणीतरी विंगेत सांगितलं, कार्यक्रमात थोडा बदल आहे, रीताबाई गातील, तुम्ही तानपुऱ्यावर बसा. मी तुझ्याकडे पाहिलं. तू माईकची उंची पाहत होतीस. निवेदक म्हणाला, "आणि तानपुऱ्यावर साथ करत आहेत माया..." नावही चुकवलं त्या बाप्पानं. तू ते दुरुस्तही केलं नाहीस.

मी तानपुरा वाजवला. अण्णाजींचा दिवस होता म्हणून. एकही सूर दिला नाही मागून, तुला आठवत असेल. तू दोन ठिकाणी मागे वळून पाहिलंस.

मला राग कशाचा येतो सांगू? माईकचा नाही. तानपुऱ्यावर बसण्यात कमीपणा कुठे आहे, तुळसाबाईंच्या मागची ती पोरगी काय कमी होती? मला त्या पेल्याचा राग येतो. कौशल्याबाईंनी, तुझ्या आईनं, माझ्यासाठी वेगळा स्टीलचा पेला ठेवला होता, न्हाणीच्या खिडकीत. तू एवढीशी होतीस. तू गेलीस, तो पेला उचललास, आईच्या समोर त्यातून घटाघटा पाणी प्यायलीस आणि म्हणालीस, "आजपासून हा माझा." त्यांच्या थोबाडावरचा भाव अजून आठवते मले. त्या पोट्टीसाठी मी जीव टाकला असता. मग त्या दिवशी सभागृहात ती पोट्टी कुठे गेलती?

बस. बोलून झालं. दम लागतो आताशा.

तू म्हणशील, एवढं होतं तर फोन का नाही केला, चाळीस किलोमीटरवर पत्रं काय पाठवते म्हातारी. फोन मी मुद्दामच करत नाही. मोनालीला नुसतं "बोल" म्हटलं तर विचारते, आई, तुझा आवाज असा का येतो? तिला गाण्यातलं ओ का ठो कळत नाही. तू तर "हॅलो"मधेच धरलं असतंस.

थंडीमुळे असेल. मी गळ्याला स्कार्फ बांधून असते. थंडी तशी अजून पडलेली नाही म्हणा.

अजून एक शिफारस राहिली होती, पण तुमच्या समितीला नाही. तुला. ती तोडी घरी एकटी लाव. पूर्ण.

छाया
(तानपुऱ्यावरची)


वर्धा
२७ नोव्हेंबर, दुपार

रीता,

पत्त्याच्या जागी वर्धा वाचून दचकू नको. तुझ्याच गावात आहे. दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर, खिडकीशी. इथून रेल्वेचा पूल दिसते अन् त्याच्यापलीकडे कुठंतरी तुझं घर. आता शुद्ध-बिद्ध लिवत नाई. जीव नाई त्यात.

गळ्यात गाठ हाय. थायरॉईडची. दिवाळीआधीच कळलं होतं. उद्या सकाळी काढून राह्यले. लांबवता येत नाई, तपासणीत काही चांगलं निघालं नाई. पहिल्या पत्रात "कामात असेन" लिवलं ते हेच काम.

जिवाले धोका नाई म्हणतात. डॉक्टरीण लहान आहे, मोनालीएवढी, बोलते गोड. म्हणाली, "बाई, बोलता येईल तुम्हाला, काळजी करू नका. घरात हाका मारता येतील. गाठीला चिकटून एक बारीक नस जाते, तिचा मात्र भरवसा देता येत नाही. तिला धक्का लागला तर वरचे सूर जातात." मी विचारलं, किती वरचे? हसली. तिले वाटलं मी गंमत करून राह्यली.

तुले सांगायले नको की अंतरा कुठं राहते. अण्णाजींनी तो तारसप्तकातच बांधला. खाली येतच नाई तो, एकदा फक्त येते, शेवटी, तुझ्या अस्ताईचा हात धरायले. म्हणजे उद्या सकाळनंतर तो माह्या डोक्यात राहीन, पण गळ्यातून निघन का नाई, सांगता येत नाई. डोक्यातला अंतरा कोनाले शिकवू? आतासुद्धा आवाज खरबरीत झाला आहे, तरी जाते वर. काल न्हाणीघरात नळ सोडून पाह्यलं. जाते.

मोनाली काल दिवसभर माह्या मागं लागली होती. आई, मोबाईलमधे भर, एक मिनिटाचं काम. मोबाईल हातात देऊन बाहेर जाऊन बसली. ते लाल बटन दाबलं मी. तोंड उघडलं. अन् मिटलं. अण्णाजींच्या धाकानं नाई, म्हातारा जाऊन किती वर्षं झाली. मले वाटलं, हे तुह्यापर्यंत पोचन, तू ऐकशीन, डोळे पुसशीन, अन् तुझ्या त्या समितीत लावशीन बी. पण तू माह्याजवळ येऊन बसणार नाईस. मंग जोडलं काय? प्रफुल काय, दोन तुकडे बसल्या बसल्या चिकटवते.

मंग मी रडली. प्रेमदास घाबरले. म्हणे दुखते का? म्हटलं नाई. म्हणे मंग काऊन? सगळं सांगितलं त्याइले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. त्यांचं आयुष्य गेलं वर्धा-हिंगणघाट-जाम गाडी चालवण्यात, त्याइले अस्ताई काय अन् अंतरा काय. म्हणे, "मी जातो तिच्या घरी, सांगतो, बाई येऊन घेऊन जा."

म्हटलं, तसं चालत नाई. तिनं मागितलं पाह्यजे.

"अन् ते तिच्याजवळचं अर्धं?"

ते तिनं मागितल्याशिवाय मले... अन् मी तिथंच अडकली, रीता. काय बोलून राह्यली होती मी? ते तिचं. तिच्याजवळचं मागायचं तं मीच ना?

"तू मांगलं का कधी तिले?"

नाई.

"मंग," प्रेमदास म्हणे, "दोघी दोन थांब्यांवर उभ्या राहून एकाच गाडीची वाट पाह्यता अन् हात कोनी दाखवत नाई. थांबन कशी गाडी?"

मले हसूच आलं त्या रडण्यात. एवढी पत्रं लिवली तुले. मारवा ऐक म्हटलं, सारंगी ऐक म्हटलं, तोडी ऐक म्हटलं. माही सारी अक्कल एकाच कामात खर्ची पडली, की तुह्या तोंडून "दे" निघावं. अन् माह्या तोंडून तो शब्द निघू नये. हिरेकरबुवांसारखी दाराशी येऊ येऊ परत फिरली. बुवा तरी शेवटी सा लावतात.

एक सांगून ठेवते. अस्ताईचा मुखडा मी एकदा ऐकला आहे, चोरून नाई, चुकून. तू अण्णाजींपुढं बसली होती, मी शाळेतून लवकर आली. दाराशी चपला काढता काढता कानावर पडला. पुढचं ऐकू नये म्हणून तशीच अनवाणी नदीवर निघून गेली. वणेच्या वाळूत पाय भाजले. पण तो मुखडा गेला नाई कानातून. एवढ्या वर्षांत किती वेळा मी माह्या अंतऱ्यावरून उतरून त्या मुखड्यापाशी आली असेन अन् पुढं रस्ताच नाई म्हणून थांबली असेन.

तं ऐक. ही शेवटची शिफारस समज. नाई, शिफारस कायची. मागणं आहे.

मले अस्ताई दे, रीता.

मी गाईन का नाई, ठाऊक नाई. अस्ताई खालच्या सुरात आहे, कदाचित जमन. नाई जमली तं ऐकत पडीन. पण ती मले पाह्यजे. तुह्या तोंडून पाह्यजे, माह्याजवळ बसून. तू सभागृहात माईककडे पाह्यलं त्याचा राग गेला नाई माहा, खोटं कायले बोलू. रागासकट मागून राह्यली. हाफिजखाँचा तबलजी बी रागासकटच समेवर आला होता.

अंतऱ्याचं मी काहीच बोलत नाई. तो मागायचा का नाई, ते तुझं तू पाह्य. तेवढा नियम मी पाळते.

हे पत्र प्रेमदास तुह्या हातात देतीन. दारातच उभे राहतीन, आत बलावलं तरी लवकर येणार नाईत, त्यांचा स्वभाव तुले माहीत आहे. त्याइले पाणी देजो. संध्याकाळी सातपर्यंत वार्डात भेटू देतात, त्याच्यानंतर नर्स कोनाचंच ऐकत नाई. वार्डात मोठ्यानं गाता येत नाई म्हणतीन, तं हळू गाऊ. बाजूच्या खाटेवरच्या बाईले मी विचारून ठेवलं आहे. ती म्हणे, म्हणा ना बाई, इथं नुसतं सलाईनच ऐकून राह्यली मी.

येशीन तं तानपुरा आणजो नोको, जिन्यात अडकन. सा मी धरून ठेवते. तेवढा अजून आहे माह्याजवळ.

वर जाताना माहा आवाज फाटन, आधीच सांगते. कापजो नोको. मागून धरजो.

मागणारी,
छाया